फी भरली की मदत संपली, असं होत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

निर्वासितांच्या मुलांना शिक्षणाची मदत मिळाली की त्यांची मानसिक ताकद वाढते आणि आयुष्याबद्दलचं समाधानही वाढतं, अशा अर्थाचा लेख तुमच्या पेपरात मध्यंतरी आला होता, तो वाचला. लेख चांगलाच होता, पण उदाहरणं सगळी जॉर्डन, तुर्कस्तान, केनिया अशी लांब लांबची. मी कोल्हापूरची, सगळी नोकरी शाळेत गेली, आणि आमच्याकडं तर निर्वासितांचं अख्खं गाव वसून उठून गेलंय, त्याचा त्यात एका ओळीत पण उल्लेख नाही. म्हणून हे पत्र. लांबलंय, काटछाट करायची तर करा, पण शाळेच्या दाखल्याचा भाग तेवढा कापू नका.

आमच्याकडं लग्न ठरलं की बस्ता बांधायला गांधीनगर. सांगली, बेळगाव, कोकणातनं सुद्धा गाड्या भरून लोक येतात. तर त्या गांधीनगरच्या जागेवर १९४३ ते १९४८ पोलंडच्या लोकांचा कॅम्प होता, वळीवडे कॅम्प. जवळजवळ पाच हजार माणसं, त्यात बहुतेक बायका आणि पोरं, कारण पुरुष एकतर सैन्यात नाहीतर मेलेले नाहीतर पत्ताच नाही. १९४०-४१ ला सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंडमधनं ह्यांना मालगाडीत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं, १९४१ ला करार होऊन सुटका झाली, मग पोलिश सैन्याच्या मागोमाग कॅस्पियन समुद्र ओलांडून इराण, तिथनं कराची, आणि तिथनं कोल्हापूर. आता विचार करा, दहा-बारा वर्षाचं पोर, ह्या सगळ्यात बाप गेलाय, एखादं भावंड वाटेत गेलंय, पोटात अन्न नाही, शाळा कधीची बुडालेली. आणि हे पोर वळीवडेच्या स्टेशनवर उतरतंय, पार अनोळखी मुलखात.

ह्या कॅम्पात धान्य, कपडे, दवाखाना होताच, तो कुठल्याही कॅम्पात असतो किंवा असायला पाहिजे. पण त्याच्या बरोबरीनं त्या लोकांनी शाळा उभ्या केल्या. प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा, हाताला काम शिकवणारे वर्ग, आणि शिक्षक कमी पडतात म्हटल्यावर शिक्षक तयार करायचे वर्ग सुद्धा कॅम्पातच. पुस्तकांचा तुटवडा, तर पोलिश शाळांसाठी जेरुसलेममध्ये छापलेली पुस्तकं यायची. स्काऊटची पथकं होती, नाटकं बसवली जायची. हे सगळं चालवायला पैसा देश सोडून लंडनमध्ये बसलेल्या पोलिश सरकारचा, आणि परीक्षा पण त्यांच्याच अभ्यासक्रमाची. म्हणजे त्या पोराच्या हातात जो निकालाचा कागद पडायचा तो वळीवडे कॅम्पाचा नव्हता, तो त्याच्या देशाचा कागद होता. ह्याला मी फार किंमत देते, का ते पुढं सांगते.

आणि तिथं सगळं गोडगोड होतं असं पण कुणी समजू नये. १९४५ च्या जुलैत ब्रिटननं त्या लंडनच्या पोलिश सरकारची मान्यताच काढून घेतली. म्हणजे युद्ध जिंकलं आणि ह्यांचं सरकार गेलं, गाव तर सोव्हिएत हद्दीत गेलेलं. घरी जायचं म्हणजे कुठं जायचं हेच कुणाला माहीत नाही. ह्या परिस्थितीत मोठी माणसं काय करतात तर पत्राची वाट बघतात, भांडतात, आजारी पडतात. पोरांना मात्र सकाळी शाळेत जायचं असतं, उद्या गणिताचा पेपर असतो. १९४६ ला जामनगरजवळचा बालाचडीचा कॅम्प बंद झाला, तिथले संस्थानिक जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी जिथं हजारेक पोरं सांभाळली तो, तेव्हा तिथली राहिलेली मुलं पण वळीवडेलाच आली आणि शाळेतच बसली. पुढं १९४८ पर्यंत सगळे पांगले, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, काही परत पोलंडला. पण त्या लोकांनी आयुष्यभर एकमेकांना धरून ठेवलं, लंडनमध्ये संघटना काढली, म्हातारपणी कोल्हापूरला येत राहिले, २०१९ च्या सप्टेंबरात तर मोठा गट आला होता. वॉर्सॉमध्ये कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान तिथं गेले तेव्हा निम्म्या कोल्हापूरला पहिल्यांदा कळलं की असं काही आहे, हे पण खरं.

आता जरा त्या मानसिक ताकदीकडं येऊ. लुथन्स म्हणून अमेरिकेतले एक प्राध्यापक आहेत, त्यांनी सायकॉलॉजिकल कॅपिटल नावाची कल्पना मांडली, मनाचं भांडवल म्हणा. त्यात चार गोष्टी, आशा, स्वतःवरचा भरवसा, पडल्यावर परत उठायची धमक, आणि पुढं बरं होईल असं वाटणं. ह्यातली आशा जी आहे ना, ती नुसती इच्छा नाही. स्नायडर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं त्याची फोड केलीय, की कुठं जायचंय हे ठरलेलं पाहिजे, जायची उमेद पाहिजे आणि वाट पण दिसली पाहिजे. तिन्ही असलं तरच आशा. शाळा पोराला पहिल्या दोन गोष्टी देते, त्यात ती एकदम तरबेज आहे. तिसरी गोष्ट, वाट, ती शाळेच्या हातात नसते. ती बाहेरच्या लोकांच्या हातात असते, सरकारच्या, युनिव्हर्सिटीच्या, नोकरी देणाऱ्याच्या. तुमच्या लेखात ही तिसरी गोष्ट राहिली, आणि माझं म्हणणं सगळं तिच्याबद्दलच आहे.

समाधान मोजायची पट्टी पण बघा. डीनर वगैरेंनी १९८५ ला एक साधी प्रश्नावली काढली, पाच वाक्यं, प्रत्येकाला एक ते सात मार्क, जगभर तीच वापरतात. त्यातलं शेवटचं वाक्य साधारण असं, की आयुष्य परत जगायला मिळालं तर मी त्यात जवळपास काही बदलणार नाही. हे वाक्य एखाद्या निर्वासिताला विचारून बघा. ज्याचं घर जळालं, बाप गेला, तो काय म्हणेल काही बदलणार नाही म्हणून? त्याला तुम्ही ऑक्सफर्डला घातलं तरी इथं त्याचे मार्क कमीच येणार. म्हणून अशा सर्व्हेत समाधानाचा आकडा फार वाढला नाही म्हणजे शिक्षणाचा उपयोग झाला नाही, असा निष्कर्ष काढणाऱ्यांपासून जरा लांब राहावं.

वाट मोकळी केली की काय होतं ह्याची आपल्याकडं दोन उदाहरणं आहेत. पहिलं, वळीवडेचेच पुढचे भाडेकरू. पोलिश लोक गेले आणि त्याच बराकीत फाळणीनंतर आलेले सिंधी लोक राहिले, त्याचं गांधीनगर झालं. तिकडं कल्याणच्या लष्करी छावणीत जे आले त्यांचं १९४९ ला उल्हासनगर झालं. आणि ह्या लोकांनी दुकानाबरोबर कॉलेजं काढली. मुंबईचं जय हिंद कॉलेज १९४८ चं, कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजमधनं आलेल्या प्राध्यापकांनी काढलेलं. बांद्र्याचं नॅशनल कॉलेज १९४९ चं, ते सिंधमधल्या हैदराबादच्या कॉलेजचीच इकडची गादी. केसी कॉलेज १९५४. म्हणजे घरदार सोडून आलेला प्राध्यापक वर्षाच्या आत परत फळ्यासमोर उभा. पण इथं एक फरक लक्षात घ्या, सिंध्यांना नागरिकत्वाची अडचण नव्हती, पदवी घेतली की नोकरीचा अर्ज करता येत होता, मत देता येत होतं. म्हणून त्यांच्या मेहनतीचं जे कौतुक आपण करतो (करावंच) त्यात हा कागदाचा वाटा पण धरायला पाहिजे, तो कुणी धरत नाही.

दुसरं काश्मिरी पंडितांचं. ते कायद्यानं निर्वासित नाहीत, देशातल्या देशात विस्थापित, पण जम्मूच्या तंबूत वाढलेल्या पोरांना तो फरक काय कळणार. १९९० ला खोरं सोडावं लागलं, आणि १९९० च्या दशकाच्या मध्यात महाराष्ट्रानं इंजिनिअरिंग आणि इतर कॉलेजांत त्यांच्या मुलांसाठी जागा ठेवल्या. बाळासाहेबांचं श्रेय आहे त्यात, आणि ते पंडित लोक स्वतःच जाहीर सांगतात. पुढं देशभर अशा सवलती आल्या, कटऑफमध्ये दहा टक्क्यांपर्यंत सूट, प्रत्येक कोर्सला थोड्या जादा जागा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डोमिसाईलची, म्हणजे त्याच राज्याचा रहिवासी असण्याची, अट माफ. ही शेवटची अट वाचायला एवढीशी वाटते. ज्यानं कॅपच्या, म्हणजे सरकारी प्रवेशाच्या, राऊंडला पोरगा घातलाय त्या बापाला विचारा डोमिसाईल म्हणजे काय असतं. पैसे देऊन जे झालं नसतं ते एक अट काढून झालं. आज पुण्यात, मुंबईत, बेंगलोरला आयटीत जे काश्मिरी पंडित दिसतात त्यातले कितीतरी ह्या वाटेनं आलेले आहेत.

आणि आता वाट बंद केली की काय होतं ते. तामिळनाडूत श्रीलंकेतनं आलेल्या तमिळ लोकांचे शंभराच्या वर कॅम्प आहेत, १९८३ च्या दंगलीनंतर जे यायला लागले त्यांचे. १९८४ ला चंद्रहासन ह्यांनी त्या लोकांचीच संस्था उभी केली, ऑफर म्हणून, आणि पहिल्यापासून त्यांचा जोर शिक्षणावर. कॅम्पातलीच शिकलेली मुलं खालच्या मुलांना संध्याकाळी शिकवणार, अशी पद्धत. छान चाललेलं असताना १९९१ ला राजीव गांधींची हत्या झाली आणि कॅम्पातल्या मुलांच्या उच्च शिक्षणाच्या सवलती बंद. ज्या पोरानं बारावीचा अभ्यास केला त्याचा त्या हत्येशी संबंध काय, पण झालं तसं. काही वर्षांनी सवलती परत आल्या, आता तर तामिळनाडू सरकार फी भरतं, २०२१ ला कॅम्पचं नाव सुद्धा बदलून पुनर्वसन कॅम्प केलं. पण पदवी झाल्यावर कंपनी विचारते नागरिकत्व काय, पासपोर्ट कुठाय, आणि इंजिनिअर झालेला पोरगा बापाबरोबर रंगकामाला जातो. त्या कॅम्पांत रंगकाम हा मोठा धंदा आहे. मग धाकटा भाऊ आठवीतच म्हणतो, मला पण ब्रशच धरायचाय तर बीजगणित कशाला. इथं तुमची ती मनाची ताकद उलटी फिरते. न शिकलेल्या माणसाला नशिबाला दोष देता येतो, शिकलेल्याला माहीत असतं की आपण पात्र आहोत आणि तरी दार बंद आहे. शिक्षणानं समाधान वाढतं हे वाक्य अर्धंच आहे, कधीकधी शिक्षणानं खदखद वाढते.

जगाचा आकडा पण तेच सांगतो. संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांची संस्था म्हणते की निर्वासितांपैकी दहा टक्क्यांहून कमी मुलं कॉलेजपर्यंत पोचतात, २०३० पर्यंत पंधरा टक्क्यांचं टार्गेट आहे. काही वर्षांपूर्वी हा आकडा एक टक्का होता, त्यामानानं सुधारणा आहे. शाळेच्या वयाची जवळजवळ निम्मी मुलं शाळेतच नाहीत ते वेगळंच.

पुण्याचं थोडं सांगते. माझी मुलगी पुण्याला राहते, तिच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये अफगाणिस्तानच्या मुली भाड्यानं होत्या. पुण्यात अफगाण विद्यार्थी बरीच वर्षं येतायत, भारत सरकारच्या आयसीसीआरच्या स्कॉलरशिपवर पण. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तालिबान आले, त्याच महिन्यात आपण आधी दिलेले व्हिसा रद्द केले, त्यामुळं जे विद्यार्थी सुट्टीला घरी गेलेले ते तिकडंच अडकले आणि जे इथं होते ते इथं. पुढं तिकडं मुलींच्या हायस्कूलला बंदी, २०२२ च्या डिसेंबरात युनिव्हर्सिटीला पण. ही शेजारची पोरगी रात्री जेवण झालं की जिन्यात येऊन बसायची कारण तिथं रेंज चांगली, आणि धाकट्या बहिणीला गणित शिकवायची. व्हिडिओ कॉल टिकत नाही म्हणून वहीवर गणित सोडवायचं, फोटो काढायचा, पाठवायचा, वर व्हॉइस मेसेज. तिकडनं बहिणीच्या वहीचा फोटो यायचा, ही लाल पेननं तपासून परत पाठवायची. मी शिक्षिका, मला राहवलं नाही, एकदा तिची वही मागून बघितली. बरोबरच्या खुणा आमच्यापेक्षा उलट्या, पण चुकलेल्या पायरीला गोल करायची पद्धत तीच. मी म्हटलं पोरी तू छान शिकवतेस, तर म्हणाली, आंटी इथं मी एका विषयात राहिले तरी मला वाटतं तिकडं दोघी नापास झाल्या.

हे ऐकून मी गप्प झाले. स्कॉलरशिप आहे, हॉस्टेल नाही तरी डोक्यावर छप्पर आहे, कॉलेज चांगलं आहे, कागदावर तिला सगळी मदत मिळालेली आहे. पण मागं राहिलेल्यांचं ओझं घेऊन शिकणाऱ्या मुलीला फीच्या पलीकडं पण काहीतरी लागतं. कॉलेजात तिच्याशी बोलणारं कुणी, व्हिसा वाढवायच्या वेळी बोनाफाईड सर्टिफिकेटसाठी हेलपाटे न घालायला लावणारा क्लार्क, घरमालक ११ महिन्यांचा करार करून देतो की नाही. ह्या गोष्टी कुठल्याच योजनेत नसतात आणि तिचं त्या दिवशीचं समाधान नेमकं ह्यांच्यावरच ठरतं.

आता शाळेच्या दाखल्याचं. आपल्याकडं कायदा काय म्हणतो, २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला आहे. घटनेच्या २१-अ कलमात पण सर्व मुलं असंच लिहिलंय. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे कलम १४ मध्ये स्वच्छ आहे. आधीच्या शाळेचा टीसी यायला उशीर होतोय म्हणून पण अडवता येत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टानं दिल्लीतल्या रोहिंग्या मुलांच्या बाबतीत सांगितलं की मुलांनी सरकारी शाळांकडं अर्ज करावा आणि नाकारलं तर हायकोर्टात जावं. आठ-नऊ वर्षाच्या पोराच्या बापानं, जो भंगार गोळा करतो, त्यानं हायकोर्टात जावं. असो.

मुख्याध्यापकांना शिव्या देणं सोपं आहे, मी स्वतः त्या खुर्चीच्या शेजारी बसून काम केलंय म्हणून सांगते. मूल घ्यायला कुणाची ना नसते हो. पण सरकारी पोर्टलवर आधार व्हॅलिड झालं नाही तर ते मूल संचमान्यतेत, म्हणजे पटावरनं शिक्षकांची पदं ठरतात त्यात, मोजलं जात नाही. म्हणजे वर्गात ४० पोरं बसलीयत आणि कागदावर ३४, आणि त्या ३४ वर शिक्षकाचं पद राहणार की जाणार हे ठरतं. मग मुख्याध्यापक म्हणतात बसू दे की वर्गात, नाव नंतर बघू. आमच्याकडं ऊसतोड कामगारांच्या मुलांचं हेच व्हायचं, परदेशातनं आलेल्याचं तर विचारूच नका. माझ्या वर्गात बीडकडची एक मुलगी अशीच मागच्या बाकावर बसायची. हजेरी घेताना तिचं नाव नसायचं, आणि ती रोज हजेरी संपेपर्यंत वर बघायची नाही, वहीत काहीतरी गिरवत राहायची. मग दिवाळीनंतर तिचं नाव जनरल रजिस्टरला चढलं, हजेरीपटावर आलं. नाव घेतल्यावर हजर म्हणायला ती उभी राहिली, आम्ही कुणाला उभं राहायला लावत नव्हतो तरी. त्या आठवड्यापासनं तिनं फळ्यावर यायला सुरुवात केली. गणित तिला आधीपासनंच येत होतं.

तर मला ज्या गोष्टी व्हाव्यात असं वाटतं त्या खर्चाच्या नाहीतच फारशा. आधार नसलेल्या पण प्रत्यक्ष वर्गात बसणाऱ्या मुलाला संचमान्यतेत धरा, शिक्षणाधिकाऱ्यांनी वर्षातनं एकदा येऊन डोकी मोजावीत हवं तर. परदेशातली मार्कशीट नाही अशा मुलाची जिल्ह्यालाच चाचणी घेऊन इयत्ता ठरवून द्या, मुंबई-दिल्लीला पाठवू नका. नववीला आलेल्या मुलाला दहावीच्या फॉर्मच्या वेळी कागदासाठी अडवायचं असेल तर ते त्याला नववीतच सांगा, ऐन फॉर्म भरताना नको. आणि कॉलेजांनी परदेशी विद्यार्थ्यांचं जे ऑफिस उघडलेलं असतं तिथं फी घ्यायच्या खिडकीशिवाय बोलायला एक माणूस बसवा, मानसोपचारवाला नसला तरी चालेल, ऐकणारा असला तरी पुष्कळ.

तुमच्या पेपरला पण एक काम आहे. दरवर्षी मे-जूनमध्ये तुम्ही शाळाप्रवेशाची पानभर माहिती छापता, लागणाऱ्या कागदपत्रांची यादी असते. त्याच्याच शेजारी चौकट टाका की ह्यातला कुठलाही कागद नसला तरी आठवीपर्यंत प्रवेश नाकारता येत नाही, कलमाच्या नंबरसकट. चौकट हिंदीत पण द्या, कारण ज्याला गरज आहे त्याला मराठी वाचता येईलच असं नाही. पालक ते कात्रण घेऊन शाळेत येतात, मी बघितलंय, आणि छापील कात्रण टेबलावर ठेवलं की ऑफिसातला आवाज जरा खाली येतो. यंदा एप्रिलच्या शेवटीच छापलंत तर बरं, जूनमध्ये फार उशीर होतो.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर